बारा वर्षांनी परत बाइकवर बसताय? आधी डाव्या हाताची चौकशी करा

परवा मित्राचा फोन, ‘शोरूमला चाललोय, टेस्ट राइड घेऊन येतो, कुठली कुठली बघू सांग.’ म्हटलं शेवटची गिअरची गाडी कधी चालवलीस, तर म्हणे २०१२ ला, पोरगी झाली, कार घेतली आणि पल्सर विकून टाकली. म्हटलं मग आज शोरूम राहू दे, आधी माझ्याकडं चहाला ये. त्या दिवशी त्याला जे सांगितलं तेच इथं लिहितोय, कारण दीड वर्षापूर्वी मी पण असाच हुरळून निघालो होतो आणि थोडक्यात वाचलो.

झालं असं की पुतण्याची शाइन घेऊन रविवारी सकाळी मैदानावर गेलो होतो, बायकोनं ‘आधी तिथं जाऊन या, मग शोरूमचं बघू’ म्हणून धाडलं होतं खरंतर. चार चकरा झक्कास झाल्या, गिअर पडतायत, क्लच सुटतोय, वाटलं अरे हे तर सायकलसारखं आहे, कुणी विसरतं का. पाचव्या चकरेला पंचवीसच्या स्पीडला कुत्रं आडवं आलं आणि मी डाव्या हाताचा लिव्हर जीव खाऊन दाबला. फक्त डावा. उजवा हात अॅक्सिलरेटरवर तसाच आवळलेला, उजवा पाय फूटरेस्टवर गप्प. गाडी थांबायच्या ऐवजी इंजिन नुसतं कोकललं आणि गाडी मोकळी झाल्यासारखी तशीच पुढं सरकत गेली. कुत्रं शहाणं निघालं, बाजूला झालं.

घरी येऊन विचार केला तेव्हा कळलं. मधली बारा वर्षं मी दूध आणायला, पोराला क्लासला सोडायला, मंडईला, सगळीकडं अॅक्टिव्हाच चालवत होतो. अॅक्टिव्हाला डावा लिव्हर म्हणजे ब्रेक, तो दाबला की दोन्ही चाकांना लागतो. बारा वर्षं रोज पन्नास वेळा तो दाबलेला. बाइकला डावा लिव्हर म्हणजे क्लच. डोक्याला हे माहितीय, कुणीही झोपेत विचारलं तरी सांगेन, पण कुत्रं आडवं येतं तेव्हा डोक्याला कोण विचारतंय, हात आपला आपण निर्णय घेऊन मोकळा होतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, की गॅप म्हणजे रिकामी जागा नसते. त्या काळात हातापायांना दुसरं काहीतरी पक्कं बसलेलं असतं. नुसतं विसरलेलं असतं तर दोन दिवसांत आठवतं, हे दुसरं बसलेलं मात्र घासून काढावं लागतं. तुमचं काय बसलंय ते आधी शोधा. स्कूटरवाल्यांचा डावा हात. ऑटोमॅटिक कारवाल्यांचा डावा पाय, तो बिचारा झोपलेलाच असतो, गिअर टाकायचं त्याच्या लक्षातच येत नाही. आणि काकांच्या जुन्या बुलेटवर शिकलेले असाल (मी शिकलोय) तर अजून मजा, त्या गाडीला गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात, पहिला वर आणि बाकीचे खाली. आताच्या बुलेटला सगळं इतर गाड्यांसारखं, गिअर डावीकडं, पहिला खाली बाकी वर. स्प्लेंडरवाल्यांना सगळे गिअर पुढं दाबायची सवय, त्यांनी नव्या गाडीवर तिसऱ्यातनं चौथा टाकायला म्हणून पुढं दाबलं की दुसरा पडतो आणि गाडी असा हिसका देते की विचारू नका.

लायसन्सचं आधी उरकून घेऊ, कंटाळवाणं आहे पण शोरूमवाला पहिल्यांदा तेच मागतो. कार्ड काढा आणि दोन गोष्टी बघा. एक, त्यावर गिअरच्या मोटरसायकलचा प्रकार आहे का. नुसतं कारचं किंवा बिनगिअरच्या गाडीचं लायसन्स असेल तर बाइक चालवता येत नाही, ‘कारचं आहे म्हणजे सगळं चालतं’ हा आपल्याकडं फार लाडका गैरसमज आहे. दोन, तारीख. विशीत काढलेली लायसन्सं वीस वर्षांची असायची, म्हणजे आपल्या वयाच्या बऱ्याच जणांची नुकतीच संपलेली किंवा संपत आलेली आहेत आणि कार रोज चालवत असूनही कुणी बघितलेलं नसतं. संपून एक वर्ष व्हायच्या आत रिन्यू केलं तर सोपं आहे, सारथी पोर्टलवर (सरकारी लायसन्सची वेबसाइट) अर्ज, चाळिशी ओलांडली असेल तर डॉक्टरचं सर्टिफिकेट (फॉर्म १-ए). वर्ष उलटलं की परत टेस्ट द्यावी लागते.

आता मैदान. हा भाग गाळू नका, बाकीचं एकवेळ गाळा.

गाडी मागून आणा, शंभर-सव्वाशे सीसीची, कुणाची तरी जुनी, आधीच दोन ओरखडे असलेली असेल तर उत्तमच म्हणजे तुम्हाला टेन्शन नाही. सकाळी सहा-साडेसहाला जा, सात नंतर क्रिकेटवाली पोरं येतात. पहिल्यांदा इंजिन बंद ठेवून गाडी नुसती ढकलत फिरवा, डावीकडनं, उजवीकडनं, मागं. ऐकायला बावळटपणा वाटतो, पण शोरूमच्या दारात १९५ किलोची गाडी उताराला लावलेली असते आणि ती मागं घेताना माणसं पडतात, चालवताना नाही. त्याच वेळी एक एक लिव्हर हाताखाली घेऊन मोठ्यानं नाव घ्या. डावा हात क्लच. उजवा हात पुढचा ब्रेक. उजवा पाय मागचा ब्रेक. डावा पाय गिअर. मी हे म्हणत होतो तेव्हा मैदानावर चालायला आलेल्या दोन आज्या थांबून बघत होत्या, बघू देत.

मग चालू करून पहिला गिअर, अॅक्सिलरेटरला हात लावायचा नाही, आणि क्लच इतका हळू सोडायचा की गाडी उचलायला लागते ती जागा बोटांना कळली पाहिजे. तिथं थांबा, परत दाबा, परत सोडा. वीस वेळा. नव्या, कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन असलेल्या गाड्या नुसत्या क्लचवर बंद न पडता चालतात, माणसाच्या चालीनं. ही जागा बोटांना सापडली की ट्रॅफिक, चढ, यू-टर्न सगळ्याचं निम्मं काम झालं. यू-टर्नला मागचा ब्रेक किंचित धरून ठेवायचा, हाफ क्लचवर गाडी खेळवायची, आणि पुढच्या चाकाकडं न बघता जिथं जायचंय तिकडं मान वळवून बघायचं. पुढचा ब्रेक यू-टर्नमध्ये विसरा. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबला की गाडी आतल्या बाजूला आडवी, शंभरातनं नव्याण्णव वेळा. आठ आकडा काढायला दोन पाण्याच्या बाटल्या ठेवा, आधी लांब, मग जवळ.

ब्रेकिंगला दोन वेगळ्या सकाळी द्या. वीसच्या स्पीडला, मग तीस, मग चाळीस, दोन्ही ब्रेक आणि क्लच एकदम. पुढचा ब्रेक झटक्यात आवळायचा नाही, लिंबू पिळतो तसा, आधी हलका मग जोर. आपल्या पिढीला कुणीतरी सांगून ठेवलंय की पुढचा ब्रेक दाबला की उलटा पडशील, म्हणून आपण आयुष्यभर मागच्यावरच गाडी थांबवली. थांबायची खरी ताकद पुढच्या ब्रेकमध्ये आहे, कारण ब्रेक लागला की सगळं वजन पुढं येतं आणि मागचं चाक हलकं होऊन नुसतं घसरतं. आणि प्रत्येक वेळी सरळ रेषेत, वळताना प्रयोग नकोत. हे इतकं करायचं की कुणी बाजूनं अचानक ‘थांब!’ ओरडलं तर उजवा हात आपोआप गेला पाहिजे. मी पोराला उभा केला होता, त्याला बापावर ओरडायला मिळालं, फार आवडीनं आला चारही रविवार. तिसऱ्या रविवारी पहिल्यांदा उजवा हात आधी गेला.

साठच्या स्पीडला एका सेकंदात गाडी सोळा-सतरा मीटर जाते, म्हणजे एक अख्खी एसटी आणि वर अर्धी. तुमचा हात ‘अरे हा नाही तो’ करण्यात एक सेकंद घालवतो तेव्हा तेवढं अंतर गेलं.

हेल्मेट जुनं वापरू नका, माळ्यावरचं तर नाहीच, आतला फोम बसलेला असतो. आयएसआय मार्क बघून नवीन घ्या आणि दुकानात घालून पाच मिनिटं तसेच बसा, कपाळावर टोचलं तर दुसरं, गालाला घट्ट असेल तर चालेल, पुढं सैल होतं. चष्मा असेल तर चष्म्यासकट घालून बघा. आणि चष्म्याचा नंबर तपासून घ्या आधी, चाळिशीनंतर रात्री समोरच्या एलईडी लाइटनं जे अंधारी येते ते कारमध्ये इतकं जाणवत नाही. हातमोजे, घोटा झाकणारे बूट, बस, सुरुवातीला एवढं पुरे. चपलेवर टेस्ट राइडला जाणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही.

शोरूमला जायच्या आधी अजून एक, मधल्या काळात गाड्या बदलल्यात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा चोक शोधत होतो. मग पेट्रोलचा कॉक. मग किक. तिथल्या पोरानं आधी ‘सर’ म्हटलं होतं, चोक विचारल्यावर ‘काका’वर आला. तर ऐका, बीएस-६ (धुराचा नवा नियम) आलं १ एप्रिल २०२० ला, तेव्हापासून बहुतेक गाड्यांचा कार्बोरेटर गेला, इंजेक्शन आलं, चोक आणि रिझर्व्हचा कॉक गेला, किक मोठ्या गाड्यांना बहुतेक नाहीच. हेडलाइट बंद करायचं बटणच नाही, २०१७ पासून तो कायम चालू असतो, रस्त्यावर लोक हाताची बोटं उघडझाप करून ‘लाइट चालू आहे’ सांगतात त्यांना हसून मान हलवायची. साइड स्टँड खाली असताना गिअर टाकला की इंजिन बंद पडतं बऱ्याच गाड्यांचं, यात मी शोरूमच्या दारात तीन वेळा गाडी बंद पाडली आणि चौथ्या वेळी ते पोरगं म्हणालं, ‘काका, स्टँड.’ आणि सगळ्यात महत्त्वाचं एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणारी सोय, १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना आहे. जोरात ब्रेक दाबल्यावर लिव्हर बोटाखाली कुरकुरतो, घाबरून सोडू नका, ते त्याचं काम करतंय. सिंगल चॅनल म्हणजे फक्त पुढच्या चाकाला, ड्युअल म्हणजे दोन्हीला, हे विचारून घ्या. एबीएस आहे म्हणून मैदान टाळायचं असं मात्र नाही, कारण चुकीचा लिव्हर दाबला तर एबीएस काय करणार.

टेस्ट राइडला रविवार नको. मधल्या वारी सकाळी, शोरूम उघडल्या उघडल्या, फोन करून जा, म्हणजे गाडी हजर असते आणि मागं लाइन नसते. आपलं हेल्मेट न्या, तिथलं हेल्मेट पन्नास डोक्यांवर फिरलेलं असतं. एक फॉर्म सही करायला देतात, तो वाचा, गाडी पडली तर खर्च कुणाचा ते त्यात लिहिलेलं असतं आणि बहुतेक वेळा तुमचा असतो. डेमो गाडीचे हाल बघून घ्या, हवा, चेन किती लोंबतीय, ब्रेक लिव्हर किती आत येतो. मी एक गाडी चालवून ‘हँडल जड आहे’ म्हणून जवळजवळ नापास केली होती, नंतर कळलं पुढच्या टायरात हवाच निम्मी होती. हवा भरून परत चालवली तर वेगळीच गाडी.

बसल्यावर लगेच निघायचं नाही. दोन्ही पाय टेकतात का, पूर्ण की नुसती बोटं. स्टँडवरनं उचला. बंद गाडी मागं ढकला, बसल्या बसल्या पायानं. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा, पोट किंवा टाकी मधे येतीय का बघा (माझं पोट आलं). आरसे लावून घ्या. इंडिकेटर आणि हॉर्न कुठं आहेत ते न बघता अंगठ्याला सापडेपर्यंत दाबा, काही गाड्यांत या दोघांची जागा उलटी आहे, पहिले आठ दिवस तुम्ही वळताना हॉर्न वाजवाल.

शोरूमवाला म्हणतो ‘त्या चौकातनं वळून या’. एवढ्यात काही कळत नाही. अर्धा तास मागा, सरळ सांगा की घ्यायचीय, नुसती हौस नाही, देतात. नाही दिली तर दुसरं शोरूम. रस्ता आधी ठरवून ठेवा. आमच्याकडं कोल्हापुरात मी कावळा नाक्याची गर्दी आणि मग हायवेचा थोडा पट्टा असा धरला होता. गर्दीत तीन गोष्टी कळतात, क्लच किती जड आहे, इंजिनची गरमी मांडीला लागते का, आणि सिग्नलला न्यूट्रल सापडतो का. क्लच दोन मिनिटांत हलकाच वाटतो सगळ्यांना, पंधरा मिनिटांनी डाव्या मनगटाला विचारा. खड्डे आणि स्पीडब्रेकरला कंबर काय म्हणते. हायवेला सत्तर-ऐंशीला स्थिर धरा आणि बघा हाताला, पायाला झिणझिण्या किती येतात, आरशात मागचा ट्रक दिसतोय की नुसता धूसर पट्टा. एखादा चढ असला तर तिथं मुद्दाम थांबून निघा. आणि मागं कुणी नाही बघून एकदा चांगला ब्रेक मारा, सरळ रस्त्यावर.

बायको किंवा जी कोणी मागं बसणार तिला दुसऱ्या खेपेला न्या. आमची ‘अहो, मला काय कळतंय त्यातलं’ म्हणत आली आणि पाच मिनिटांत दोन गाड्या बाद केल्या. एकीची मागची सीट उतरती, ब्रेक मारला की ती माझ्यावर आणि मी टाकीवर. दुसरीला धरायला काहीच नाही. तिच्या गुडघ्यांना फूटरेस्टची उंची बसली ती तिसरी गाडी. हे मला एकट्याला शंभर किलोमीटर चालवूनही कळलं नसतं.

एकाच दिवशी चार गाड्या चालवू नका, शेवटची पहिलीसारखी वाटायला लागते. आणि त्या दिवशी टोकन द्यायचं नाही. ‘आज बुक केलंत तर’ असं म्हणतील, म्हणू देत. घरी कोटेशन घेऊन या, एक्स-शोरूम, आरटीओ, इन्शुरन्स सगळं वेगवेगळं लिहिलेलं. नव्या गाडीला थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा एकदम घ्यावाच लागतो, २०१८ पासून, पण तो त्यांच्याकडनंच घ्या अशी सक्ती नाही, बाहेरचा भाव काढा. ‘हँडलिंग’ नावाची ओळ दिसली तर हे कशाचे पैसे म्हणून विचारा, नुसतं विचारलं तरी बऱ्याचदा ती ओळ बारीक होते. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाडीवर जीएसटी १८ टक्के झालाय, त्याच्या वर ४० टक्के. रॉयल एन्फिल्डची क्लासिक ३५० किंवा होंडाची सीबी३५० या रेषेच्या खाली बसतात, चारशेवाल्या वर, किमतीत फरक चांगलाच पडतो.

कुठली घ्यावी, हे सगळे विचारतात. माझं मत विचाराल तर वजन बघा, सीसी नंतर. आपण जी पल्सर चालवायचो ती दीडशे किलोच्या आतली, तेरा-चौदा पीएसची (पीएस म्हणजे इंजिनची ताकद). क्लासिक ३५० आहे १९५ किलो, त्याच कंपनीची हंटर १८१. मी बघितलेली ट्रायम्फची स्पीड ४०० वजनाला पावणेदोनशे किलोच्या आसपास म्हणजे हलकी, पण ताकद ४० पीएस, जुन्या पल्सरच्या जवळजवळ तिप्पट. चांगली गाडी आहे, मला फार आवडली, आणि म्हणूनच पहिल्या वर्षी घेतली नाही. विशीत बुलेट परवडली नाही म्हणून आता घेणारे पुष्कळ आहेत, घ्या की, हौसेला मोल नाही, पण पार्किंगमधनं ती रोज एकट्यानं बाहेर काढता येते का ते आधी बघा.

गाडी आली की पहिला महिना ओळखीच्या रस्त्यावर, सकाळी, एकट्यानं. आमच्याकडं नोव्हेंबर ते मार्च ऊसाचा सीझन, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर संध्याकाळी रस्त्यावर, मागं लाइट नाही, रिफ्लेक्टर चिखलात, ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला. कारमधनं तो कसातरी दिसतो. बाइकवर समोरच्या लाइटनं डोळे दिपलेले असताना तो एकदम काळ्या भिंतीसारखा पुढं येतो. म्हणून या सीझनमध्ये अंधार पडल्यावर गावाकडच्या रस्त्याला मी बाइक नेत नाही, आजही. ट्रॉलीतनं पडलेल्या उसाच्या कांड्यांवरनं वळताना चाक गोल काठीवर गेल्यासारखं घसरतं, तिथं ब्रेकही नको आणि वळणही नको, गाडी उभी ठेवून सरळ पार व्हायचं. पावसात झेब्रा क्रॉसिंगच्या पांढऱ्या पट्ट्यांचं तसंच.

मी पन्हाळ्याला गेलो ते दुसऱ्या महिन्यात, वीसेक किलोमीटर, एका रविवारी सकाळी एकटाच. बायको मागं बसली तिसऱ्या महिन्यात.

अॅक्टिव्हा अजून घरात आहे, दूध तिच्यावरच येतं, त्यामुळं डाव्या हाताची भानगड कायमची मिटलीय असं मी समजत नाही. बाइकवर बसलो की पार्किंगमध्येच, चावी फिरवायच्या आधी, दोन्ही लिव्हर एकेकदा दाबतो आणि तोंडानं म्हणतो, क्लच, ब्रेक. अॅक्टिव्हावर बसताना पण, ब्रेक, ब्रेक. खालच्या मजल्यावरचे काका रोज विचारतात, ‘काय हो, गाडी चालू होईना का?’